सोनवणे सरांच्या रिपोर्टातला चौथा मुद्दा

वहिनी, मृणाल, सोनवणे सरांचे नातेवाईक, वारज्याहून आलेले त्यांचे शेजारी आणि आमच्या ऑफिसातली मंडळी. आपण सगळे आलात. हॉल भरलाय. मागे काही जण उभे आहेत. सर असते तर त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं असतं, "अहो, एवढी माणसं? जेवण ठेवलंय का?"

मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. इतरांना दुःखाने बोलता येत नाही, हे मी आत्ता पाहिलं. माझं तसं नाही. मला राग आलाय. गेले बारा दिवस तो जात नाहीये. वहिनी, आधीच सांगते, आज माझ्या तोंडून काही वाकडं गेलं तर ते तुमच्यासाठी नाही. आणि संयोजकांना विनंती, मला पाच मिनिटं दिलीत, पण मी जास्त घेणार आहे. चिठ्ठी पाठवू नका. मी वाचणार नाही.

मी माधुरी नाईक. सर मला नाईकबाई म्हणायचे. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून ते पिण्याजोगं करणारे प्लांट आमची कंपनी उभारते. मी तिथे हे प्लांट कसे चालवायचे ते कागदावर लिहिते, आणि ते का बंद पडले ते सर शोधायचे. म्हणजे मी लिहायचं आणि सरांनी निस्तरायचं. एकोणीस वर्षं हे असंच चाललं.

माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनीही सरांना कंपनीचा आधारस्तंभ म्हटलं. छान वाटलं ऐकून. फक्त एक सांगते, या आधारस्तंभाचं टेबल जिन्याखाली होतं. उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची. गेल्या वर्षी ऑफिसचं नूतनीकरण झालं, सगळ्यांना नव्या खुर्च्या आल्या, आणि सरांच्या खुर्चीचं काय, असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की त्यांचा विभाग यादीत नाही. विभाग कसला हो? एक माणूस, एक करवत, एक लांब टेबल आणि एक मोरी. स्तंभ जिन्याखालीच असतो म्हणा, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नसेल.

ज्यांना सरांचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मृणाल, तू लहानपणी वर्गात सांगितलं होतंस की बाबा सुतार आहेत. कारण त्यांच्या अंगावर कायम भुसा असायचा. तो लाकडाचा नव्हता, मेंब्रेनच्या नळकांड्याचा होता.

मेंब्रेन म्हणजे एक पातळ पापुद्रा. असे खूप पापुद्रे एकावर एक ठेवून सतरंजीसारखे गुंडाळतात आणि नळकांड्यात बसवतात. एका बाजूने समुद्राचं पाणी जोरात दाबायचं. पाणी पापुद्र्यातून पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. एवढंच. ऐकायला सोपं आहे. पण समुद्रात काय नुसतं मीठ असतं? शेवाळ असतं, मेलेले जीव असतात, कुजलेला पाला असतो, मासळीची घाण असते. त्याचा डोळ्यांना न दिसणारा अंश पाण्यात विरघळून येतो आणि पापुद्र्यावर चिकटतो. बुळबुळीत थर होतो. पाण्याचा माठ महिनाभर घासला नाही तर आत हात फिरवून बघा, तसा. थर वाढला की पाणी कमी येतं, दाब वाढवावा लागतो, आणि एक दिवस प्लांट बंद पडतो.

मग ते नळकांडं सरांकडे यायचं. सर ते करवतीने कापायचे, गुंडाळी टेबलावर उलगडायचे. आणि इथे त्यांचा एक नियम होता. ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळे त्याला हसायचे. मेंब्रेन उलगडल्यावर दोन मिनिटं कुणी एक शब्द बोलायचा नाही. साहेब असो, गिऱ्हाईक असो, शिकाऊ मुलगी असो. बोलायचं नाही. आधी वास घ्यायचा. मग बोट फिरवायचं. मग बघायचं. कुणी मध्येच म्हणालं, "सर, हे तर क्षार दिसतात," की सर त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुमचं झालं? आता वास घ्या." एकदा मी विचारलं, एवढी शांतता कशाला? तर म्हणाले, "नाईकबाई, एकदा माणूस तोंडाने काही बोलला की नंतर नाक त्याच्याच बाजूने साक्ष देतं."

क्षार. हा शब्द सरांचा वैरी होता. आपण पुण्यातली माणसं. आपल्याला पाण्याचा एकच आजार माहीत, क्षार. बोअरचं पाणी आलं की बादलीवर पांढरं, गीझरवर पांढरं, नळाच्या तोटीवर पांढरं. त्यामुळे फिल्टर तुंबला रे तुंबला की आपण डोळे मिटून म्हणतो, क्षार झाले, ॲसिड मारा. बिबवेवाडीत सरांच्या मेव्हण्यांचं घरगुती फिल्टर दुरुस्तीचं दुकान आहे. भाऊ, तुम्ही समोरच बसलायत, खोटं असेल तर सांगा. सर रविवारी तिथे जाऊन बसायचे आणि लोकांचे जुने फिल्टर फुकट उघडायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "क्षार आहेत हो, आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे आहेत." सर म्हणायचे, "तुमच्या सोसायटीत टाकी शेवटची कधी धुतली?" गिऱ्हाईक फिल्टर उचलून चालू लागायचं. भाऊंचं मात्र म्हणणं होतं की दाजी असे बसले की गिऱ्हाईक तुटतं.

पापुद्र्यावर खरोखरच क्षार असतील तर ॲसिडने निघतात, हे बरोबर आहे. पण थर शेवाळाचा, कुजक्याचा असेल तर आधी कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवायचं, तो सुटा करायचा, आणि मग ॲसिड. हा क्रम उलटा केला तर काय होतं, हे सर कँटीनमध्ये करून दाखवायचे. अर्धा कप दूध घ्यायचे आणि त्यात लिंबू पिळायचे. दूध फाटायचं. मग ती गुठळी बशीवर पसरून ठेवायचे आणि म्हणायचे, "आता जेवण झाल्यावर ही बशी धुऊन दाखवा." जेवण होईपर्यंत ती चिकटून वाळलेली असायची. शेवटी कँटीनवाल्या मावशींनी त्यांना दूध देणं बंद केलं. एकोणीस वर्षांत हा प्रयोग मी किती वेळा पाहिला असेन? मोजलं नाही. पण आमच्या कोथरूडच्या ऑफिसात असा एकही माणूस नाही ज्याने तो पाहिला नाही. हे लक्षात ठेवा. मी परत त्यावर येणार आहे.

आता मी त्या गावाबद्दल बोलते.

नाव घेत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचं, खाडीच्या तोंडाशी असलेलं गाव आहे. विहिरींना खारट पाणी लागलं म्हणून तिथे आमचा प्लांट बसला. गावाने तो वाजतगाजत घेतला. नारळ फोडला, आमच्या साहेबांनी पहिला पेला प्यायला, फोटो निघाला. तो फोटो आमच्या रिसेप्शनमध्ये लावलाय. प्लांट चालवायला गावातलेच एक गृहस्थ नेमले, महादेवराव. पूर्वी बोटीच्या इंजिनावर काम करायचे. त्यांना दोन गोष्टी दिल्या, एक रोजची नोंदवही आणि एक तक्ता. प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला, पावसात भिजू नये म्हणून. पाणी कमी आलं की मेंब्रेन कसं धुवायचं, याचा तो तक्ता.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपला आणि पाणी कमी यायला लागलं. महादेवराव तक्त्याप्रमाणे धूत राहिले. पाणी आणखी कमी झालं. ते आणखी धूत राहिले. मग प्लांट बंद पडला आणि गावातल्या बायका पुन्हा टेकडीपलीकडच्या वाडीवर, दुसऱ्यांच्या विहिरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

आमच्याकडे मीटिंग झाली. वातानुकूलित खोलीत. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मी पण होते. वीस मिनिटांत ठरलं की महादेवराव वेळेवर धूत नाहीत. कुणी ठरवलं? कुणी एकाने नाही. असं कधीच कुणी एक ठरवत नाही. एक जण म्हणाला, "लोकल माणूस आहे ना." दुसरा म्हणाला, "डिसिप्लिन नसतं हो." तिसऱ्याने लिहून घेतलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. आणि चौथी मी. मी काहीच म्हणाले नाही. फक्त सर म्हणाले, "मेंब्रेन कुठाय?" कुणाला काही कळेना. "मेंब्रेन उघडलं का कुणी? न उघडता निदान कसं केलंत? पत्रिका पाहिलीत?"

तेव्हा हसले सगळे. मीही हसले.

मेंब्रेन पाठवायला सांगितलं तर कुरियरवाला किनाऱ्यापर्यंत जाईना. शेवटी महादेवराव स्वतःच घेऊन आले. ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून, एस्टीत पायाशी ठेवून. वाटेत दोनदा उतरून त्यांनी गोणपाटावर पाणी मारलं, कारण सरांनी फोनवर सांगितलं होतं की वाळू देऊ नका. स्वारगेटहून रिक्षाने थेट आमच्याकडे. निष्काळजी माणूस हो! आमच्या वॉचमनने त्यांना अर्धा तास गेटवर उभं केलं, वास येतोय म्हणून.

सरांनी मेंब्रेन कापलं, उलगडलं, आणि नियमाप्रमाणे आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही तर येतो तसा वास होता, फक्त दसपट. थर पिवळट तपकिरी, खाली बुळबुळीत, पण वरून टणक. खरवडला तर सालीसारखा निघाला. सरांनी त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. क्षार असते तर फसफसलं असतं. काही झालं नाही. मग चमच्यात थोडा थर घेऊन तापवला. केस जळल्यासारखा वास आला आणि चिमूटभर राख राहिली. झालं निदान. याला लागला एक चमचा आणि एक नाक.

मग सरांनी महादेवरावांना विचारलं, "आधी कशाने धुतलंत?"

महादेवरावांनी खिशातून तो तक्ता काढला. दोन बाजूंनी दुमडून खिशात बसवला होता. म्हणाले, "साहेब, हितं लिवलंय तसंच केलंय. आदी ॲसिड, मग सोडा. चुकून बी उलटं केलं नाय."

चुकूनसुद्धा उलटं केलं नाही. ऐकलंत?

तक्त्याखाली सही होती. माझी.

मंडळी, ते कसं झालं ते सांगते, कारण यात काही मोठं कपटकारस्थान नाही. असतं तर बरं वाटलं असतं. त्या आधी आम्ही नगर रोडला एका कारखान्याच्या बोअरच्या पाण्यासाठी प्लांट केला होता. तिथे क्षार होते, म्हणून तिथला तक्ता आधी ॲसिडचा. समुद्राचा प्लांट आला तेव्हा घाई होती. मी जुनी फाइल उघडली, कारखान्याचं नाव काढलं, गावाचं नाव घातलं, छापली, सही केली. पुण्याच्या बोअरचा तक्ता मी समुद्राला लावला. दुधाचा आणि लिंबाचा प्रयोग इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहून. मीच.

आणि आणखी एक. महादेवरावांची नोंदवही सरांनी मागवली. त्यात शेवटी शेरा म्हणून एक रकाना असतो. आकडे आमच्याकडे संगणकावर यायचे, शेरा यायचा नाही, कारण त्या संगणकात शेऱ्याला जागाच नाही. त्या रकान्यात महादेवरावांनी पावसाळा संपल्यापासून रोज लिहिलं होतं. "पाणी तांबूस." "पाण्याला वास." "खाडीत मासळी मेली, वास जास्त." "ॲसिड मारल्यावर पाणी कमी झाले." रोज, सुवाच्य अक्षरात. कोथरूडमधल्या आमच्या पंधरा इंजिनियरांना जे कळलं नाही ते एका माणसाने चार शब्दांत लिहून ठेवलं होतं, आणि ते वाचायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी सरांनी तक्त्याखालची सही वाचली. तक्ता घडी घालून महादेवरावांच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ." ते दोघं टपरीवर गेले. मी टेबलापाशी उभी राहिले.

संध्याकाळी जिन्यात भेटले. म्हणाले, "नाईकबाई, रिपोर्ट मी लिहितोय. थर कसला आहे हा पहिला मुद्दा. तो कुठून आला हा दुसरा. टणक का झाला हा तिसरा. चौथा मुद्दा मी लिहिणार नाही. तो तुमचा आहे. तुमच्या अक्षरात लिहा." मी म्हटलं, "सर, तुम्हीच लिहा ना, मी सही करते." तर म्हणाले, "माझ्या अक्षरात लिहिलं तर ती तक्रार होईल. तुमच्या अक्षरात लिहिलंत तर ती दुरुस्ती होईल."

मी हो म्हटलं. या आठवड्यात देते म्हटलं.

मग काय झालं? काही नाही झालं. मला पुढच्या पदासाठी विचारणार होते. म्हटलं, तेवढं होऊ दे. मग लेखापरीक्षण होतं. मग मार्चअखेर. आणि तिकडे महादेवरावांना चौकशीची नोटीस गेली की निष्काळजीपणाबद्दल कामावरून का काढू नये. सर दर सोमवारी माझ्या टेबलाशी यायचे. हातात हेल्मेट. दोनच शब्द, "चौथा मुद्दा?" मी म्हणायचे, "या आठवड्यात, सर." ते मान हलवायचे आणि जायचे. ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. हा माणूस ओरडतही नव्हता. राग येतो हो अशा माणसांचा. खरंच येतो.

ते स्वतः तीन मुद्द्यांचा रिपोर्ट घेऊन वर गेले होते. वरून सांगितलं, "सोनवणे, चांगलं काम आहे, पण आता विषय मिटलाय." मिटलाय म्हणजे काय? बायका विहिरीवर उभ्याच होत्या. आज इथे पहिल्या रांगेत बसून ज्यांनी रुमाल काढले, त्यांना मी हे विचारते आहे. विषय कुणाचा मिटला होता? आणि त्यांना कशाला विचारू? त्यांच्याकडे अपुरा रिपोर्ट गेला होता. अपुरा राहिला तो माझ्यामुळे.

शेवटच्या सोमवारी ते आले तेव्हा माझ्यासमोर दोन माणसं बसली होती. "चौथा मुद्दा?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?"

ते म्हणाले, "नाही."

हेल्मेट घातलं आणि गेले. मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

मला ते एक वाक्य परत घ्यायचंय. घेता येत नाही. वहिनी, तुमच्या घरी दोनदा आले, दोन्ही वेळा हे सांगायचं ठरवून आले, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन गेले. आज सगळ्यांसमोर सांगते.

काल वहिनींनी मला सरांची ऑफिसची पिशवी दिली. आत डबा, करवतीची दोन पाती, आणि तो रिपोर्ट. मी उघडला. पहिला मुद्दा, दुसरा, तिसरा, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. मग "मुद्दा चौथा" असं लिहून पुढे पट्टीने आखलेल्या आठ ओळी. कोऱ्या. आणि त्यांच्या खाली सही. प्र. सोनवणे.

ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलंय त्यांना कळेल मी का थांबले. हा माणूस रजेच्या अर्जावर सही करायच्या आधी तो तीनदा वाचायचा. वाढदिवसाच्या कार्डावर सही मागितली तर "आत काय लिहिलंय?" म्हणून विचारायचा. त्या माणसाने आठ कोऱ्या ओळींखाली सही करून ठेवली होती. मी काय लिहीन हे न वाचता. मी खरं लिहीन असं धरून. सर, कशाच्या जोरावर धरलंत हो? एकोणीस वर्षांत मी तुम्हाला असं काय दाखवलं?

त्या ओळी मी आज सकाळी भरल्या. माझ्या अक्षरात. आता वाचते. छोटंच आहे.

"मुद्दा चौथा. मेंब्रेन धुण्याचा क्रम मी ठरवून दिला होता. तो बोअरच्या पाण्यासाठीचा होता. समुद्राच्या पाण्यासाठी तो चुकीचा आहे. थर त्यामुळे टणक झाला आणि मेंब्रेन निकामी झालं. ऑपरेटर महादेव यांनी लेखी सूचनेप्रमाणे आणि वेळेवर काम केलं. पाण्याचा रंग आणि वास त्यांनी रोज नोंदवला होता. तो आम्ही वाचला नाही. सुधारित तक्ता सोबत जोडला आहे. चूक माझी आहे. माधुरी नाईक." खाली आजची तारीख, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मेलेल्या माणसाच्या सहीवर मी गुपचूप काही लिहून घेतलं.

महादेवराव. शेवटच्या रांगेत, खांबाजवळ बसलायत ना? यांना सर गेल्याचं आमच्यापैकी कुणी कळवलं नव्हतं बरं का. चौकशीची तारीख विचारायला त्यांनी सरांच्या नंबरवर फोन लावला आणि तो वहिनींनी उचलला. तेव्हा त्यांना कळलं. चौकशी परवा आहे, आणि ते आज इथे आलेत.

महादेवराव, पुढे या. अहो या, संकोच करू नका. जरा वाट द्या त्यांना. हा रिपोर्ट तुमच्या हातात घ्या. मूळ प्रत आहे, झेरॉक्स नाही. परवा चौकशीला हीच घेऊन या, मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसणार आहे. सगळ्यांसमोर देते, कारण बंद दाराआड दिलेले कागद आमच्याकडे ड्रॉवरमध्ये जातात. आणि हा नवा तक्ता. आधी सोडा, मग ॲसिड. जुना तक्ता खिशात आहे ना तुमच्या? द्या तो मला. मी माझ्या टेबलावर ठेवणार आहे, मला दिसेल असा.

यामुळे माझं काय होईल, असा प्रश्न इथे काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतोय. मला माहीत नाही. जिन्याखाली एक टेबल रिकामं झालंय. तिथे बसवलंत तरी चालेल. खुर्ची मी घरून आणीन.

मृणाल, तुझे बाबा सुतार नव्हते. पण तू वर्गात सांगितलंस ते अगदीच चूक नव्हतं. कापून, उघडून, आत काय आहे ते बघायचं, एवढंच त्यांचं काम होतं. आम्हाला ते आवडायचं नाही, कारण आत बहुतेक वेळा आम्ही निघायचो.

आता उभं राहू या. आपण दोन मिनिटं शांत राहणार आहोत, सगळ्या शोकसभांत राहतात तसं. पण माझी एक विनंती आहे. हात जोडून, खाली मान घालून, दोन मिनिटं कधी संपतात याची वाट बघत उभे राहू नका. सर टेबलाशी उभे आहेत असं समजा. करवत बाजूला ठेवलीय, गुंडाळी उलगडलीय. जे काही तुंबलंय ते समोर आहे. आपल्या ऑफिसातलं, आपल्यातलं. क्षार म्हणायची घाई करू नका.

कुणी बोलायचं नाही. आधी वास घ्या.